बरणीतली ब्याण्णव बटणं

१

रविवारी सकाळी सातला मावशी बटणं मोजायला वरच्या मजल्यावर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. बरणी फुटली होती.

ओट्यावर काचांचा ढीग होता. त्याच्या अवतीभवती बटणं पडली होती, काळी, पांढरी, निळी, तपकिरी, सगळी एकमेकांत कालवलेली. फडताळात जिथे बरणी असायची तिथे धुळीत एक गोल तेवढा उरला होता.

"सगळ्यांनी बाहेर या," मावशी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मावशी आवाज चढवत नाहीत तेव्हाच भाडेकरू लगबगीने बाहेर येतात.

एका फुटक्या बरणीवरून एवढा गहजब कशाला, असं कोणालाही वाटेल. म्हणून ते आधी सांगून टाकलेलं बरं. मावशींचा उभा जन्म शिवणकामात गेला. आता त्या खाली राहतात आणि वरच्या चार खोल्या भाड्याने देतात. चार भाडेकरू, चौघांत मिळून विजेचं मीटर एक आणि पाण्याचं एक. बिल कसं वाटायचं यावरून पहिल्या वर्षी अशी काही भांडणं झाली की मावशींनी एक दिवस शिवणाचा जुना डबाच उघडला. चौघांना चार रंगांची बटणं दिली. रात्र या घरात काढली की सकाळी उठून आपलं एक बटण बरणीत टाकायचं, बाहेर काढली तर नाही. महिना संपला की ज्याची जितकी बटणं तितका त्याचा वाटा. बरणी उंच आणि मनगटाएवढी अरुंद, त्यामुळे बटणं एकावर एक चढत जायची.

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. या महिन्यात बिल दीडपट आलं आणि घराचं वारं फिरलं. औषधवाला, म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन गावोगाव डॉक्टरांच्या दारात बसणारा दुसऱ्या खोलीतला गृहस्थ, शनिवारी संध्याकाळी म्हणाला, "कोणीतरी इथे राहतंय आणि बटण टाकत नाहीये. लिहून देतो. बरणी उघडून बघा."

त्यावर मावशींनी जाहीर केलं होतं, "उद्या बरणी उपडी करायची नाही. वरून एकेक बटण चिमट्याने काढायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून पहिल्यापर्यंत. कोण कुठल्या रात्री होतं नि कोण नव्हतं, सगळं समोर येईल."

आणि आज बरणी फुटली होती.

"करारात काय लिहिलंय, सगळ्यांना ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "हिशेबात लबाडी करेल त्याने खोली सोडायची. संध्याकाळी पाचला मी वर येईन. तोवर कोणी कबूल झालं तर ठीक. नाहीतर मला जे दिसतंय त्यावरून मी ठरवीन."

हे बोलताना त्या सिस्टरकडे बघत होत्या.

२

सिस्टर चौथ्या खोलीत राहायची. हॉस्पिटलात नर्स, महिन्यातल्या निम्म्या रात्री ड्युटीवर. अशा वेळी-अवेळी ये-जा करणाऱ्या मुलीला सात घरमालकांनी नाही म्हटलं होतं, आठव्या मावशी. हॉस्टेलात जागा नाही, तीन आठवड्यांवर बढतीची परीक्षा. ही खोली गेली तर नोकरी सोडून गावी परतण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सगळे पांगल्यावर मावशींनी तिसऱ्या खोलीतल्या बाईंना थांबवलं. "तुम्ही कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हीच जरा बघता का? माझं मन तिच्याविरुद्ध जात नाही, पण बटणं दर महिन्याला सगळ्यांत कमी तिचीच, दुसरं कोण असणार?"

या बाई मातीच्या प्रयोगशाळेत कामाला. इमारत बांधण्याआधी जमिनीत खोल नळी घालून माती काढतात, ती नळी उघडून वरून खालपर्यंत वाचायची, हे त्यांचं काम. घरात सगळे त्यांना मातीबाईच म्हणत. स्वभावाने संशयी. त्या स्वतःच म्हणायच्या की वरून घट्ट दिसणाऱ्या जमिनीवर बावीस वर्षांत मी एकदाही विश्वास ठेवलेला नाही.

मातीबाईंनी आधी बटणं मोजली. तपकिरी सत्तावीस, ती त्यांची स्वतःची. निळी एकोणीस, औषधवाल्याची. पांढरी सोळा, सिस्टरची. काळी तीस, पहिल्या खोलीतल्या लिफ्टकाकांची. एकूण ब्याण्णव. मग त्या प्रत्येकाच्या खोलीत जाऊन न वापरलेली बटणं बघून आल्या. मावशी महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकाला तीस मोजून देत. सिस्टरकडे चौदा उरलेली, आणि तिच्या ड्युटीच्या कागदावर रात्रीही चौदाच. औषधवाल्याकडे अकरा, त्याच्या फिरतीची तिकिटंही अकरा रात्रींची. काकांच्या डब्यात एकही नाही. बटणांवरून ते महिनाभर कुठे गेलेच नव्हते.

म्हणजे एकही बटण चोरीला गेलं नव्हतं. एकही कमी पडलं नव्हतं.

मातीबाईंनी चष्मा काढून पुसला. लबाडी करणारा माणूस बरणी कशासाठी फोडेल? आपली बटणं काढून घेण्यासाठी. इथे तर फोडणाऱ्याने सगळीच्या सगळी ठेवून दिली होती.

त्यांनी ओट्याखाली वाकून पाहिलं, शेगडीमागे हात घातला, फडताळाखाली झाडू फिरवला. एवढी मोठी भरलेली बरणी हातातून निसटली असती तर बटणं घरभर घरंगळली असती. इथे एकही खाली पडलं नव्हतं. बरणी आधी कोणीतरी रिकामी केली होती, आणि मग फोडली होती. शिवाय ओट्यावर. अपघात झाला असं दाखवायचं तर माणूस काचेची वस्तू जमिनीवर टाकतो. ओट्यावर कोण फोडतं?

३

औषधवाल्याच्या अंगठ्याला पट्टी होती. मातीबाईंची नजर आधी तिथेच गेली.

"गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा लागला," तो विचारायच्या आत म्हणाला. "नमुने वेगळे करत होतो काल दुपारी. मॅडम, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. बरणी उघडायची कल्पना माझी, मीच ती फोडेन?"

"कल्पना तुमची असली की संशय दुसऱ्यावर जातो."

"घ्या. म्हणजे आम्ही बोललो तरी चोर." तो खुर्चीवरून उठला आणि दार लोटून आला. "रात्री शेवटी स्वयंपाकघरात सिस्टर होती. नळाचा आवाज मी ऐकलाय. आणि एक सांगू का? हल्ली ती काकांची गरम पाण्याची बादली उचलून देते. आठ दिवस झाले. आधी कधी साधं कसं आहात म्हणून विचारलं नव्हतं. आताच बरी माया आली? म्हाताऱ्याला आपल्या बाजूने वळवून घेतेय ती."

"आणखी काय काय बघितलंत तुम्ही आठ दिवसांत?"

"आणखी काय बघणार? सगळं घरच बिघडलंय. खालच्या पायरीवरचा पेपर पूर्वी काका पहाटे उठून वर आणायचे, दाराशी ठेवायचे. आता आठ दिवस मी आणतोय. त्याआधी तर दोन दिवस दुपारपर्यंत तिथेच पडून होता."

मातीबाईंना आठवलं, त्याच सुमारास दोन दिवस त्यांनीही तो पायरीवरून उचलला होता.

सिस्टर पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. पलंगाखालून बॅग बाहेर ओढून ठेवलेली.

"बॅग कशाला काढलीस गं?"

"मावशींनी ठरवलंयच, ताई. आयत्या वेळी धावपळ नको."

"रात्री स्वयंपाकघरात गेली होतीस?"

"दहाला. बाटली भरली नि आले. तेव्हा बरणी जागेवर होती."

"कोणी फोडली, तुला माहीत आहे?"

सिस्टरने पुस्तक मिटलं. "मला त्याबद्दल काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

मातीबाई दारात जाऊन परत वळल्या. ज्याला माहीत नसतं तो माहीत नाही म्हणतो. ही बोलायचं नाही म्हणत होती. या पोरीने तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि त्यापायी ती खोलीवर पाणी सोडायला निघाली होती. कोणासाठी, ते काही केल्या कळेना, आणि त्यांना तिचा रागच आला.

लिफ्टकाका खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली, तेव्हापासूनची ही बैठक, असं सगळे समजत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा दुसऱ्या शहरात, खोलीचं भाडं आणि बिल तोच भरायचा.

"मावशींनी ढिलाई करू नये," काका म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आज एकाला सोडलं की उद्या सगळे डोक्यावर बसतील."

"सिस्टरला घालवावं म्हणता?"

"मी नाव घेत नाही. पण तरुण आहे, हात-पाय धड आहेत. तिला काय, कुठेही खोली मिळेल."

बोलता बोलता त्यांच्या मांडीवरचा चष्मा घसरून खाली पडला. काका त्याच्याकडे बघत राहिले. चष्मा पायाशीच होता, दीड हातावर.

"जरा देता का?" ते म्हणाले.

४

साडेतीन वाजले होते. मातीबाई आपल्या खोलीत पलंगावर बसून होत्या आणि त्यांचा चहा निवून गेला होता.

नळीतली माती कोणी परातीत ओतून कालवली, तर मातीचा कणही कमी होत नाही. वजन तेवढंच भरतं. जातो तो फक्त क्रम, कुठला थर कशावर होता ते. प्रयोगशाळेत नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी हेच सांगायच्या, आणि आज सकाळपासून स्वतः मात्र बटणं मोजत बसल्या होत्या. स्वतःच्या अकलेची त्यांना कीव आली.

बरणी फोडणाऱ्याला आकडा बदलायचा नव्हता. त्याला तो जपायचा होता, म्हणून एक बटण इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. त्याला पुसायचा होता तो क्रम.

त्या उठल्या आणि पहिल्या खोलीचं दार वाजवलं.

"काका, तुम्ही महिन्यात चार रात्री इथे नव्हता," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "चार सकाळी पेपर पायरीवर पडून होता. दोनदा मी आणला, दोनदा तो दुपारपर्यंत तिथेच होता. परत आल्यावर तुम्ही चार काळी बटणं एकदम टाकलीत. ती बरणीत एकावर एक बसली असणार. एकेक काढलं असतं तर चार काळी सलग निघाली असती."

काका मांडीवरच्या चष्म्याची घडी घालू लागले.

"आम्ही सगळे कमी बटणं टाकणारा शोधत होतो. तुम्ही जास्त टाकली होती. आणि बरणी ओट्यावर फोडलीत, कारण खाली पडलेल्या काचा नि बटणं तुम्हाला गोळा करता आली नसती. तुम्हाला वाकता येत नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय ना?"

काकांनी सदऱ्यावरून पोटाला हात लावला.

"पित्ताशयाचं," काका शेवटी म्हणाले. "बरणी नीट लावून ठेवायलाच पहाटे उठलो होतो. सगळी बटणं काढली, क्रमाने परत भरायला बसलो. कुणाचं कुठल्या दिवशी होतं, ते मला कुठून आठवणार? दहा-बारा भरली, चुकतंय हे कळलं, तशी ती परत ओतली नि बरणी फडक्यात गुंडाळून ओट्यावर फोडून टाकली."

"पण लपवलंत कशाला? कुठे गेला होतात ते आम्ही विचारलंही नसतं."

"तुम्ही नसतं. मुलगा विचारतो. दर महिन्याला मावशी त्याला आकडा कळवतात, तो पैसे पाठवतो. बटणं कमी निघाली की लगेच फोन, बाबा कुठे होतात? तब्येतीची पहिली कुरकूर झाली की मी त्याच्याकडे जायचं, या बोलीवर त्याने मला इथे राहू दिलंय. दोन वर्षं काढलीत मी त्याच्या घरात. वाईट नाहीत हो ते कोणी. पण फ्रीज उघडतानासुद्धा सुनेकडे बघावं लागायचं. इथे मी माझा दिवा माझ्या हाताने लावतो." त्यांनी मातीबाईंकडे पाहिलं. "पाचला सांगू नका. ती पोर कुठेही राहील. मला दुसरी जागा नाही."

इतकी निर्लज्ज विनवणी मातीबाईंनी कधी ऐकली नव्हती. राग आला, आणि त्या रागातच दयाही आली, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

"काका, तुमची बादली कोण उचलतं?"

"सिस्टर. का?"

"कधीपासून?"

"परत आल्याच्या दुसऱ्या..." काका बोलता बोलता थांबले.

"इथून जवळ हॉस्पिटल एकच आहे. तिच्या ड्युटीचा कागद मी सकाळी वाचलाय. या महिन्यात ती सर्जरीच्या वॉर्डात होती. तुम्ही नव्हता त्या चारही रात्री."

"ती लहान मुलांच्या वॉर्डात असते," काका पुटपुटले.

"असायची. तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे, आणि ती तोंड उघडत नाहीये. मी पाचला काही बोलणार नाही, काका. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त ती बॅग घेऊन जिना उतरेल तेव्हा खिडकीतून बघत बसू नका."

५

पाच वाजता मावशी आल्या. चार खुर्च्या मांडल्या होत्या, तीन भरल्या. काकांची रिकामी होती.

"त्यांना बोलवा," मावशी म्हणाल्या.

"दार वाजवलं, आतून कडी आहे," औषधवाला म्हणाला. "झोपले असतील. त्यांचं काय काम आहे? सगळं स्पष्ट तर आहे."

मावशी मातीबाईंकडे वळल्या. "काही सापडलं?"

"सापडलं," मातीबाई म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही."

औषधवाल्याने कपाळावर हात मारला. मावशींनी सुस्कारा सोडला. "मग माझा नाइलाज आहे. सिस्टर, तू..."

"मी भरलंय सामान, मावशी," सिस्टर उठली.

कडी वाजली. काका दारात आले, भिंतीला हात धरून. दुसऱ्या हातात फोन होता आणि तो चालू होता.

"बस खाली पोरी," ते म्हणाले. "बरणी मी फोडली."

त्यांनी सगळं सांगितलं. चार रात्री, चार बटणं, पहाटेची धडपड. काही लपवलं नाही आणि हिच्यावर आळ येतोय हे कळत असून गप्प बसलो, तेही सांगितलं. फोनमधून मुलाचा आवाज येत होता, "बाबा, मी निघतोय, आजच्या आज न्यायला येतोय."

मावशी खाली बसल्या. "मग बिल का वाढलं?"

"दर वाढलाय," मातीबाई म्हणाल्या. "बिलाच्या मागच्या बाजूला छापलंय. आणि थंडीत चौघांनीही गिझर सोडला नाही. बटणं कोणीच चुकवली नाहीत."

औषधवाल्याने बिल उलटं करून वाचलं. "सिस्टर, मी उगाच..." एवढं म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला.

"नियमाचं काय करायचं?" काकांनी विचारलं. "मी खोली सोडतो."

"नियम हिशेब बुडवणाऱ्यासाठी होता," मावशी म्हणाल्या. "तुम्ही चार रात्रींचे जास्त भरायला निघालात. त्या नियमात तुम्ही बसत नाही. बरणीचे पैसे तेवढे द्या."

फोनमधून पुन्हा आवाज आला. "कोण बोलतंय तिथे? बाबांचं बघायला आहे कोण?"

सिस्टरने काकांच्या हातातून फोन घेतला. "मी चौथ्या खोलीत राहते. हॉस्पिटलच्या फॉर्मवर अडचण आली तर कोणाला कळवायचं, ती जागा यांनी कोरी ठेवली होती. मी रात्रपाळीला होते. मी तिथे माझा नंबर लिहिला." ती थांबली. "चारही रात्री यांच्याजवळ होते मी. जागे असले की पडद्यापलीकडे उभी राहायचे, ओशाळतील म्हणून."

पलीकडून किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मुलगा म्हणाला, "सकाळी येतो. डॉक्टरांना भेटतो. मग बाबांना विचारून ठरवू."

काकांनी फोन खाली ठेवला. "विचारून म्हणाला," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. सहा वर्षांत त्याने त्यांना विचारून काही ठरवलं नव्हतं.

एकेक जण उठून गेला. मातीबाई दाराशी रेंगाळल्या, कारण काका अजून सिस्टरसमोर उभे होते.

"मी तुला घालवायला निघालो होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"राग नाही आला?"

"आला की. अजून आहे, काका. जाईल की नाही, सांगता येत नाही." सिस्टरने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "उद्या दहाला टाके काढायचेत. साडेनऊला तयार राहा."